शंभर टक्के मिठाचं गाव

माणसाची बुद्धी डोक्यात नसते, गळ्यात असते, हे शास्त्रीय सत्य मी जिल्ह्यातल्या दोनशे अठ्ठावीस शाळांमध्ये छातीठोकपणे सांगितलेलं आहे. दोनशे अठ्ठावीस हा आकडा वार्षिक अहवालातला. प्रत्यक्षात शाळा एकतीस होत्या, आणि त्यांतल्या नऊ शाळांना आम्ही पोचलो तेव्हा सुट्टी होती.

"गळ्याला हात लावा," मी सांगत होतो. "लावला? आता आवंढा गिळा."

चाळीस मुलांनी एकाच वेळी आवंढा गिळला. इतका शिस्तबद्ध आवंढा मी त्याआधी पाहिला नव्हता.

"काहीतरी वरखाली झालं ना? त्याच्या जरा खाली फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिचं नाव थायरॉइड. ती नीट चालली तर आपली उंची वाढते, डोकं चालतं, झोप वेळेवर येते आणि वेळेवर जाते. आणि ती चालायला तिला काय लागतं?"

"आयोडीन!" चाळीस मुलं ओरडली.

हे उत्तर मी अजून शिकवलेलं नव्हतं.

साल अठ्ठ्याण्णव, महिना जानेवारी. मी तेव्हा गलगंड सर्वेक्षण पथकात आरोग्य शिक्षण सहायक होतो. सहायक म्हणजे भाषण करायचं, मुलांनी घरून आणलेलं मीठ तपासायचं आणि रजिस्टर भरायचं. गळे तपासायच्या त्या डॉक्टर नलिनी मोहरीर. पथक आम्हा दोघांचंच. लघवीचे नमुनेही घ्यायचे होते, पण बाटल्या पुढच्या महिन्यात येणार होत्या. काम सोपं होतं. प्रत्येक गावातली चाळीस मुलं तपासायची. शंभरात पाचांहून जास्त गळे सुजलेले निघाले की गाव 'बाधित' ठरायचं. मग तिथे पुन्हा डॉक्टर जायचे, दुकानातलं मीठ तपासलं जायचं, औषधं पोचायची. पाचांच्या आत असलं तर गाव निरोगी आणि प्रकरण बंद. त्या गावाचं नाव इथे देत नाही. अहवालात ते आहे, पण तिथेही ते चुकीचं छापलेलं आहे.

मुख्याध्यापक झाडे गुरुजी दारात हात बांधून उभे होते. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल.

"पोरं तयार आहेत साहेब," ते म्हणाले. "काहीही विचारा."

"काही विचारायचं नाही हो, गुरुजी. फक्त मीठ बघायचं आहे."

"तेही तयार आहे."

मुलांनी कागदाच्या पुड्या काढल्या. मिठाची चाचणी ही माझी आवडती गोष्ट होती, कारण तिच्यात जादू होती आणि ती मला येत होती. चिमूटभर मीठ बशीत घ्यायचं, वर औषधाचा एक थेंब टाकायचा. मिठात आयोडीन असेल तर ते जांभळं होतं. जास्त असेल तर गडद, कमी असेल तर फिकट, नसेल तर पांढरं ते पांढरंच. कुठल्याही गावात चाळीस पुड्या उघडल्या की चाळीस तऱ्हा दिसायच्या. कुणाचं खड्याचं, कुणाचं ओलं, कुणाच्या मिठात हळद, एकीच्या पुडीत तर आईची हरवलेली नाकातली चमकी सापडली होती.

इथे पहिलं मीठ गडद जांभळं झालं. दुसरंही. तिसरंही. विसाव्यापर्यंत मी खुशीत होतो. तिसाव्याला माझी मांडी हलायला लागली. मला ती खोड आहे. मनात काही खटकलं की आधी मांडीला कळतं. चाळिसावं मीठ पहिल्यासारखंच बारीक, कोरडं आणि जांभळं होतं. पुड्याही सगळ्या एकाच आखीव वहीच्या पानांच्या होत्या.

"शंभर टक्के!" गुरुजी म्हणाले आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मग चहा आला. मी दोन कप प्यायलो. मोहरीर मॅडमनी एक घोट घेतला आणि विचारलं, "पाणी कुठलं, गुरुजी?"

"लाल पंपाचं."

मॅडमनी कप खाली ठेवला. गावात दोन हातपंप होते. एकाच्या पाण्यात फ्लोराइड फार निघालं म्हणून पाणीपुरवठावाल्यांनी तो लाल रंगवला होता आणि त्यावर लिहिलं होतं, 'पिण्यास अयोग्य'. दुसरा हिरवा.

"अहो, त्यावर लिहिलंय ना?"

"लिहिलंय ना. मीच लिहिलं. पेंटरचं अक्षर चांगलं नव्हतं." गुरुजी अदबीनं म्हणाले. "पण मॅडम, हिरव्या पंपाच्या पाण्यात डाळ शिजत नाही. चहाही फाटल्यासारखा लागतो. लालचं पाणी कसं गोड आहे. पाहुण्यांना हिरव्याचं पाणी द्यायचं म्हणजे बरं दिसत नाही."

मी माझ्या दोन कपांकडे पाहिलं. "मॅडम, मला काही होईल का?"

"दोन कपांनी काही होत नाही, पाचखेडे. जन्मभराच्या कपांनी होतं. ह्यांचे दात बघा."

दात मी पाहिले होते. दातांवर तपकिरी आडवे पट्टे होते आणि मुलं हसताना ओठ मिटून हसत होती.

"आणि हेच पाणी थायरॉइडलाही बाधतं?" मी हळूच विचारलं, कारण भाषणात घालायला बरं पडलं असतं.

"आयोडीन कमी आणि फ्लोराइड भरपूर, असं दोन्ही एकाच गळ्यात आलं की ग्रंथीचे जास्त हाल होतात, असं काही जण म्हणतात. काही जण म्हणतात, पुरावा पुरेसा नाही. भांडण चालू आहे. दातांबद्दल मात्र भांडण नाही." त्यांनी बाह्या वर केल्या. "चला, गळे."

मुलं एकेक करून त्यांच्यासमोर उभी राहू लागली. मॅडम दोन्ही अंगठे गळ्यावर ठेवायच्या, मूल आवंढा गिळायचं आणि मॅडम मला श्रेणी सांगायच्या. शून्य म्हणजे काही नाही. एक म्हणजे हाताला लागते. दोन म्हणजे लांबूनच दिसते.

"शून्य... शून्य... शून्य..."

रजिस्टरच्या चाळीस ओळींत चाळीस शून्यं बसली. मॅडमनी हात पुसले. "शेजारच्या गावात किती निघाले होते?"

"चाळीसात अकरा."

"मधे अंतर किती?"

"चार किलोमीटर."

मी शाळेचा हजेरीपट मागवला. पटावर नावं एकसष्ट होती.

"एकवीस पोरं कुठे आहेत, गुरुजी?"

"कापूस वेचायला. हंगाम आहे ना साहेब."

"एकवीसच्या एकवीस?"

"चौदा नक्की," गुरुजी म्हणाले. ते खोटं बोलायला बसलेले होते, पण गणिताचे शिक्षक होते. "बाकीची... आसपास असतील."

मला बसवेना. दोन कप चहाचंही निमित्त होतंच. मी शाळेच्या मागे गेलो, तिथून समाजमंदिराच्या मागे गेलो. तिथे बोरीचं झाड होतं आणि झाडाखाली सात मुलं बोरं खात बसली होती. सगळी गणवेशात. मला पाहताच एक जण ओरडला, "इंजेक्शनवाला आला बे!" आणि सहा जण तुरीच्या शेतात दिसेनासे झाले. पळताना दोघांच्या गळ्याखाली काहीतरी फुगीर हललेलं मला दिसलं. निदान मला तसं वाटलं.

सातवी मुलगी बसून राहिली. भर दुपारी तिनं अंगाभोवती आईची शाल गुंडाळली होती.

"तू का नाही पळालीस?"

तिनं विचार केला. उत्तराला बराच वेळ लागला.

"पळनारच होती जी. तुमी लवकर आले."

आवाज घोगरा होता, एखाद्या थकलेल्या बाईसारखा. उंची पाहून मला वाटलं, सात वर्षांची असेल.

"इथं काय करता सगळे?"

"तपासनी हाय ना शाळेत. म्हून भाईर बसलो."

"तपासणी आहे तर आत बसायचं."

"हुशार पोट्टे बसले न आत." तिनं माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "आमी कच्चे हावो. तपासनी आली का गुरुजी आमाले इकडं बसवते. मी मोठी हाय म्हून मले ध्यान ठेवाले सांगते."

"नाव काय तुझं?"

"पंचफुला महादेव घोटेकर. इयत्ता तिसरी."

"वय?"

"माय म्हनते अकरा."

"अकरा वर्षांची आणि तिसरीत?"

"तिसऱ्यांदा हाय मी तिसरीत. आता मले तिसरी येते."

शाल गळ्यावरून जरा सरकली होती. मी डॉक्टर नव्हतो; माझी पदवी वनस्पतिशास्त्राची होती. पण श्रेणी दोन म्हणजे लांबूनच दिसते. मला ती चार हातांवरून दिसली.

"पंचफुला, माझ्याबरोबर चल. इंजेक्शन नाही. फक्त गळा बघायचा."

समाजमंदिर ते शाळा हे अंतर शंभर पावलं असेल. ती मधे एकदा बसली. मी घड्याळ पाहिलं, मग स्वतःचीच लाज वाटून घड्याळाचा हात खिशात घातला. आमची जीप दोन वाजता निघायची होती. पुढच्या गावची चाळीस मुलं अजून बाकी होती.

वर्गाच्या दारात गुरुजींनी आम्हाला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"साहेब, तिला कशाला... ती नमुन्यात नाही."

"नमुना मी निवडतो ना, गुरुजी?"

"निवडता ना. पण ती मंद आहे साहेब. वर्गात झोपते. मी चौदा वर्षं झाली इथे, ओळखतो मी पोरांना."

मॅडमनी तिला समोर उभं केलं. अंगठे गळ्यावर ठेवले आणि ह्या वेळी लवकर काढले नाहीत. नाडी मोजली. पुन्हा मोजली. हाताची कातडी बघितली; ती जानेवारीच्या मानानंही फार कोरडी होती. "थंडी वाजते?"

"मले उनाळ्यातबी वाजते."

"पोट साफ होतं?"

पंचफुलानं मान खाली घातली. मॅडम गुरुजींकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"गुरुजी, ही मंद नाही. हिची थायरॉइड काम करत नाही. म्हणून झोपते, म्हणून वाढत नाही, म्हणून तिसरीत बसली आहे. रक्त तपासलं, रोज एक गोळी दिली, तर ह्यातलं बरंच थांबवता येईल. पण हे वाढीचे दिवस आहेत. जितका उशीर होईल तितकं हातातून जाईल. आज जीपमधून हिला जिल्ह्याला नेते. आईला बोलवा."

आई शाळेच्या कुंपणापलीकडच्याच शेतात कापूस वेचत होती. ओटीत कापूस तसाच घेऊन ती आली आणि दाराबाहेर उभी राहिली. अनुसयाबाई. तिनं आधी पोरीकडे पाहिलं, मग मॅडमकडे, मग गुरुजींकडे, आणि मग शेवटपर्यंत ती गुरुजींकडेच पाहत राहिली.

"काय केलं जी हिनं?"

"काही केलं नाही," मॅडम म्हणाल्या. "घरी मीठ कुठलं खाता तुम्ही?"

"जाडं. खड्याचं." बाईंना प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. "पन चांगलं धून घेतो न बाई. कचरा असते त्याच्यात."

"मीठ धुता?"

"तीन पान्यानं."

मॅडमनी डोळे मिटले. आयोडीन खड्यावर वरून फवारलेलं असतं. तीन पाण्यानं धुतलं की ते पाण्याबरोबर निघून जातं आणि खाली मीठ तेवढं उरतं, स्वच्छ.

"कोणी सांगितलं धुवायला?"

बाई गुरुजींकडे पाहत होत्या.

"मी," गुरुजी म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "स्वच्छता पंधरवड्यात. प्रत्येक घरी जाऊन सांगितलं होतं. सत्त्याऐंशी घरं." आणखी थांबून, "सगळे ऐकतात माझं."

वर्गात चाळीस मुलं हाताची घडी घालून बसली होती.

"बाई, पोरीचं रक्त तपासायला न्यायचं आहे," मी म्हणालो. "तुम्ही पण चला. संध्याकाळी परत आणून सोडू."

"रगत?" अनुसयाबाईंनी पोरीला मागे ओढलं. "काहून जी? ते काई बिमार नाई. जेवते, झोपते. होळी झाली का मामाकडं चालली ते, शेळ्या राखाले. गुरुजीच म्हनले, शाळा हिच्या कामाची नाई. आता रगत काढून काय भेटन?"

"माय, शेळ्या नको..." पंचफुला म्हणाली. तिचं वाक्य पुरं व्हायला इतका वेळ लागला की तोवर कुणी ऐकत नव्हतं.

मॅडमनी समजावलं. मग मी समजावलं. मी फुलपाखराचंही सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गुरुजी म्हनतीन तं पाठवतो."

गुरुजींनी माझा दंड धरला आणि मला व्हरांड्यात नेलं.

"माझ्या शब्दावर ती पाठवेल," ते म्हणाले. "पण त्याआधी तुम्ही काय लिहिणार ते सांगा."

"जे आहे ते. मीठ तुम्ही वाटलंत ना?"

"दोन पुडे आणले तालुक्याहून. काल संध्याकाळी वाटले." त्यांनी नाकारलं नाही. "उत्तरंही पाठ करून घेतली."

"अहो, ही परीक्षा नव्हती! मीठ नापास झालं असतं तर तुम्हाला कोण काय म्हणणार होतं?"

"तुम्ही पहिल्यांदा आलात साहेब, म्हणून असं बोलता." गुरुजींनी खिशातलं लाल पेन काढलं, झाकण उघडलं, बंद केलं. "चौदा वर्षांत बारा पथकं आली. दात पाहणारे आले, दात मोजून गेले. पाणी पाहणारे आले, पंप रंगवून गेले. उंची मोजणारे, वजन करणारे. दर वेळी शेरा तोच, 'असमाधानकारक'. शेरा माझ्या नावावर. तीन वर्षं वेतनवाढ अडली होती पोरांच्या दंडाला फीत लावून मोजणाऱ्यांपायी. औषध घेऊन कोणी आलं का? तुम्ही आणलंय?"

जीपमध्ये मिठाच्या चाचणीचं औषध होतं, दोन रजिस्टरं होती आणि माझा डबा होता.

"नाही," मी म्हणालो. "आम्ही फक्त मोजतो."

"मग कच्ची पोरं मी कशाला मोजायला देऊ?"

मांडी उभ्या माणसालाही हलवता येते हे मला त्या दिवशी कळलं.

"पंधरा दिवसांनी आदर्श शाळेचा निकाल आहे," ते म्हणाले. "तालुक्यातून आमचं नाव गेलंय. तुमच्या कागदावर 'नमुना बनावट' आलं की संपलं. मग इथे माझा शब्द कोण ऐकेल? तिची मायसुद्धा ऐकणार नाही. तुम्ही रजिस्टर आहे तसं ठेवा. मी पोरीला पाठवतो. नुसती पाठवत नाही, सोबत येतो. गोळी रोज मी माझ्या हातानं देईन. आईशप्पथ."

"आणि बाकीचे सहा? तुरीत पळालेले?"

"त्यांचं बघू." गुरुजींनी पेन खिशात ठेवलं. "मीठ धुऊ नका म्हणून उद्याच सांगतो घरोघर. पण त्यांच्या गळ्यांचं मी काय करू? माझ्या हातात थोडंच आहे?"

ते माझ्या हातात होतं. सहा जणांना शोधून आणायचं, चाळीसातले काही गळे खोडायचे, नमुना नव्यानं निवडायचा. मग गाव बाधित ठरणार, औषध येणार, सहा महिन्यांनी किंवा वर्षानं. आणि पंचफुला होळीला मामाकडे जाणार.

मी वर्गाच्या खिडकीतून मॅडमना हाक मारली आणि थोडक्यात सांगितलं. त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढला, त्याची गुंडाळी केली आणि पिशवीत ठेवली.

"पाचखेडे, गळे तपासणं माझं काम. समोर आले तेवढे मी तपासले. रजिस्टर तुमचं." त्या जीपकडे चालू लागल्या. चार पावलांवर थांबून म्हणाल्या, "मी काही सांगत नाही. पण दोनला दहा मिनिटं आहेत."

रजिस्टरच्या तळाशी एक छापील ओळ असायची: 'नमुना यादृच्छिक पद्धतीने निवडला असल्याचे प्रमाणित करतो.' यादृच्छिक म्हणजे कुणीही निवडून न दिलेला. खाली सहीची जागा. मी सही केली. पेन गुरुजींनी दिलं. निळं.

गुरुजी आत गेले आणि मी पहिल्यांदाच त्यांना गावच्या बोलीत बोलताना ऐकलं. "अनुसया, चाल. पोरीले घेऊन बस गाडीत. मी येतो संगं."

"शेळ्याईचं काय मंग?"

"शेळ्या राखतीन आपल्याआपल्या. चाल."

बाईंनी ओटीतला कापूस गुरुजींच्या टेबलावर रिकामा केला आणि त्या निघाल्या. जीपमध्ये पंचफुला माझ्या शेजारी बसली. दहा मिनिटं तिनं काही विचार केला आणि मग म्हणाली, "तुमी खोटं बोलले जी."

मी रजिस्टरवर हात ठेवला. "काय?"

"इंजेक्शन नाई म्हनले होते."

रक्त काढताना ती रडली नाही. रडायलाही वेग लागतो.

आठवड्यानं अहवाल आला. थायरॉइडला हाकणाऱ्या संप्रेरकाचा आकडा इतका वर होता की यंत्रानं तो छापायचं नाकारून त्याऐवजी एक खूण छापली होती. मॅडमनी गोळी सुरू केली. रोज एक, पहाटे, उपाशीपोटी. पहिले सहा महिने गोळ्या मी पोस्टानं पाठवत होतो. नंतर मॅडमनी प्राथमिक आरोग्य केंद्राशी भांडून तिथे सोय केली. गुरुजींनी शब्द पाळला. रोज सकाळी साडेसहाला ते तिच्या दारात उभे राहत, गोळी देत, हिरव्या पंपाचं पाणी स्वतःच्या तांब्यातून पाजत आणि हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर खूण करत. ते पान त्यांनी मला एकदा दाखवलं. दोन वर्षांत एक दिवस कोरा होता. त्या दिवशी त्यांच्या मुलीचं लग्न होतं, आणि त्या दिवशीची गोळी मांडवातून एका वऱ्हाड्याबरोबर पाठवली होती, पण खूण करायची राहिली.

वर्षभरात पंचफुला चार बोटं वाढली. शाल सुटली. दातांवरचे पट्टे तसेच राहिले. ते जाणार नव्हतेच. सोळाव्या महिन्यात मला गुरुजींचं पोस्टकार्ड आलं, सुवाच्य अक्षरात:

'स. न. वि. वि. कु. पंचफुला चौथी पास झाली. गुण बेचाळीस टक्के. झोपत नाही. आता वर्गात बोलते. फार बोलते. परवा मला म्हणाली, गुरुजी, तुमचं गणित चुकलं. ते चुकलं होतं. तरी गोळी थोडी कमी करता येईल का, हे मॅडमना विचारावे. आपला, झाडे.'

मॅडम ते वाचून एवढ्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. गोळी कमी केली नाही, पुढे वाढवली. शाळा आदर्श ठरली. मिठाचा शंभर टक्के निकाल प्रमाणपत्रात खास नमूद केला होता.

त्या पोस्टकार्डानंतर मला बसवेना. मी कार्यालयात एक अर्ज दिला: सदर गावात फेरसर्वेक्षण व्हावे. कारणाच्या रकान्यात मी तासभर काहीच लिहू शकलो नाही. खरं कारण लिहिलं असतं तर माझी सही मलाच खोटी म्हणावी लागली असती. शेवटी लिहिलं, 'जनहितार्थ'.

कार्यालयातले टिपले बाबू सज्जन गृहस्थ होते. त्यांनी जाडजूड फाइल काढली, बोट ओळींवरून खाली आणलं आणि थांबवलं.

"पाचखेडे, इथं तं शून्य टक्के आहे. शून्य टक्केवाल्या गावात पुन्हा कशाला जाता?"

"जरा शंका आहे."

"सही कोणाची आहे खाली?" त्यांनी फाइल डोळ्यांजवळ नेली. "अरे, तुमचीच आहे की. मग शंका कोणाला आहे?"

"मला."

"तुम्हाला शंका आहे, का तुमच्या सहीवर तुम्हाला शंका आहे? दोन वेगळे अर्ज लागतात." ते हसले, पण थट्टा करत नव्हते, दुसऱ्या अर्जाचा नमुना त्यांनी खरोखरच कपाटातून काढून माझ्यासमोर ठेवला. "ह्यात चौकशी होते. पहिल्यांदा तुमची, मग मॅडमची, मग त्या मास्तरची. गावाचा नंबर शेवटी."

तो कागद मी घरी नेला. दोन-तीनदा पेन घेऊन बसलो. मग पुढच्या तालुक्याचं काम सुरू झालं.

त्या गावात पुढचं पथक दहा वर्षांनी गेलं. सर्वेक्षण सहा ते बारा वयोगटाचं असतं; तुरीत पळालेल्यांतलं तेव्हा कुणीच त्यात बसत नव्हतं.